चित्रातली रिकामी जागा
उकळत्या झऱ्यातल्या जंतूंमध्ये आरएनएचे गुंते सोडवणारं एक प्रथिन असतं. त्याचे स्फटिक करून त्याची रचना मी एक्स-रेनं शोधतो. त्याच्या चित्रात मधोमध एक जागा रिकामीच राहते, कारण तेवढा भाग सारखा हलतो. ती पाहिली की हिंगोलीतली एक दुपार आठवते. तापानं फणफणलेल्या बापाला मी छातीच्या एक्स-रे फोटोसाठी यंत्राच्या गार पाटीला टेकवून उभं केलं होतं. त्याच्या अंगात हुडहुडी भरलेली. "बाबा, हलू नका!" फोटोवाला तिसऱ्यांदा ओरडला. "म्या कुठं हलून राहिलो? ताप हलवून राहिला," बाप म्हणाला. मी त्याचे खांदे घट्ट धरले, तरी हुडहुडी थांबेना. फोटोत नुसतं धुकं आलं. स्फटिकातलं बाकी सगळं प्रथिन मी तासन्‌तास निश्चल ठेवतो; बापाला मात्र एका श्वासापुरतंही धरून ठेवता आलं नाही.