घोड्याच्या घशात घातलेला हात

आमच्या घरचा घोडा कधीच नव्हता. माथेरानला बाबा दुसऱ्याचा घोडा धरून चालायचे. गिऱ्हाईक वर, बाबा खाली. पावसाळ्यात गिऱ्हाईक नाही, मग दुसऱ्याच्या शेतात भातलावणी. अशा घरातून मी कॉलेजात गेले, घराण्यातली पहिली. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. बाबा एका रविवारी नेरळजवळच्या आमच्या वाडीत आले. ते धरायचे तो घोडा मेला होता. शेवटी शेवटी नुसती लाळ गळत होती, पाणी गिळवत नव्हतं. घशात काहीतरी अडकलंय म्हणून बाबांनी, घोडेवाले घालतात तसा, कोपरापर्यंत हात आत घालून चाचपलं होतं. त्याच हाताच्या तळव्याला आधीच दोराने कापलेलं होतं.

"कुत्रा चावला होता का त्याला?" मी विचारलं.

"मागल्या महिन्यात नाकाला धरला व्हता. त्याचं काय?"

कुत्रा पिसाळलेला असेल तर रेबीज घोड्याला, आणि घोड्याच्या लाळेतून बाबांच्या जखमेत. आधी साबणाने हात धुवायला लावला. म्हटलं, दवाखान्यात चला.

"मला कुठं चावलाय कुत्रा? कालेजात गेली नि बापालाच पिसाळलेला ठरवते!"

"मंग शिकवली कशाला तिला?" आई म्हणाली. "उठा."

दवाखान्यात जखमेत विषाणूला अडवणारी तयार प्रतिपिंडं टोचली आणि दंडात लशीचं पाचांपैकी पहिलं इंजेक्शन. ही प्रतिपिंडं घोड्याच्या रक्तातली, असं डॉक्टरबाईंनी सांगितल्यावर बाबा तेवढ्यापुरते हसले.

तिसऱ्या इंजेक्शनला मात्र अडले. "जखम भरली की गं. आता नाय जायचा."

मग मी समोर बसून सांगितलं. रक्तात बी-पेशी नावाच्या असंख्य पांढऱ्या पेशी असतात, प्रत्येकीचा साचा वेगळा. लशीतल्या मेलेल्या विषाणूशी जिचा साचा जुळतो तीच दर इंजेक्शनला आणखी वाढते, एकीच्या हजारो होतात, आणि प्रतिपिंडं बनवू लागतात. त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. टोचलेली तयार प्रतिपिंडं तोवरच पुरतात. "आणि तो विषाणू तुमच्या हातातल्या मज्जातंतूतून डोक्याकडे निघाला असेल तर आज काहीच दिसणार नाही, बाबा. दिसलं की संपलं."

बाबा हाताकडे बघत राहिले. मग चपला घातल्या.

पुढचे कित्येक दिवस ते पाणी प्यायले की मी त्यांच्या गळ्याकडे बघायचे. घोट उतरला की श्वास सोडायचे. एकदा ठसका लागला, तर आईच्या हातातली परात खाली पडली. 

पाचही इंजेक्शनं पूर्ण झाली. नंतरच्या तपासणीत बाबांच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडं निघाली. त्यांना रेबीज झाला नाही.