घरच्या माडाचा गूळ

डॉक्टरने शुगर सांगितली त्या दिवसापासून मी साखरेला हात लावला नाही. चहातली बंद, शेवयांतली बंद. शाळा माझी तिसरीपर्यंतच, पण एकदा बोललो की बोललो. आमच्या पार्से गावात कोणालाही विचारा. चहात मी माडाचा काळा गूळ घालू लागलो. माड माझे, गूळ माझ्या डोळ्यांदेखत आटवलेला. त्यात साखर येणार कुठून?

बायको म्हणायची, "अहो, गोड ते गोडच."

"तू डॉक्टरीण कधी झालीस?"

"तुमच्याशी लग्न झालं तेव्हाच."

त्या पावसाळ्यात काजूच्या बागेत उजव्या पायाच्या अंगठ्यात काटा मोडला. घरी पाय धुताना रक्त दिसलं तेव्हा समजलं. दुखलं मुळीच नाही. ह्या वयातही कातडी कशी घट्ट आहे बघा, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो. बायको हसली नाही.

श्रावणात हळदीच्या पानात उकडायच्या पातोळ्या झाल्या. सुनेने माझ्या वेगळ्या उकडल्या होत्या. ओलं खोबरं, वेलची, आणि गुळाच्या जागी डॉक्टरला विचारून आणलेली बिनसाखरेची पूड. त्याही दोनच. ताटात भात कमी, भाजी जास्त.

"बाबा, ह्या तुमच्या."

"औषध पानात गुंडाळून देतेस काय गो?" असं म्हणून मी त्या सरकवल्या आणि गुळाच्या पोटभर खाल्ल्या.

पुढे एका सकाळी न्हाणीमागे, मी लघवीला जायचो तिथे, मुंग्यांची रांग दिसली. बायकोने वर राख टाकली. दुसऱ्या दिवशी राखेवरून नवी रांग.

मग खोलीत वास येऊ लागला. उंदीर मेला असेल म्हणून मी पेट्या हलवल्या, खाट ओढली. बायको मात्र वाकत वाकत माझ्या पायाशी येऊन थांबली. अंगठा काळा पडला होता. मला पत्ताच नव्हता.

म्हापशाच्या डॉक्टरने विचारलं, "गोड खाता?"

"साखर खात नाही."

"गूळ?"

"घरच्या माडाचा."

त्याने चष्मा काढला. "आजोबा, घरचा की दुकानातला, रक्ताला कळत नाही. बोट राहतं का ते आता बघायचं. हे काळं वर चढलं तर पाऊल जाईल."

चवथीला सुनेने तशाच दोन पातोळ्या ताटात ठेवल्या. मी खाल्ल्या. हळदीच्या पानाचा वास, खोबऱ्याचा रस, सगळं जागच्या जागी. चांगल्या झाल्या होत्या. मी आणखी एक मागितली.

"नाही मिळणार, बाबा. पूड बिनसाखरेची असली तरी पीठ तांदळाचंच."

हे मला पटलं. तिला तसं सांगितलं नाही.

रोज सकाळी बायको पट्टी सोडायची. मी बोटाकडे बघत नसे. ते मला काही सांगत नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे बघायचो. चवथीचा गणपती पोचवला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने पट्टी सोडली, अंगठ्याच्या वर पावलावर हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता सुनेला हाक मारली,

"गो, गाडीवाल्याला बोलाव. आत्ता."