ताठ बसलेला ड्रायव्हर

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भिंगारच्या एका शेडमध्ये मी ड्रायव्हरांच्या शरीराची मापं कार्डावर नोंदवत होतो. ती पुण्याला कॉम्प्युटरमध्ये भरायची आणि त्यावरून नव्या ट्रकची केबिन ठरायची.

शेवगावकडचा एक उंच ड्रायव्हर लाकडी सीटवर ताठ बसला. मापं झाली. देखरेखीला उभे असलेले साहेब बाहेर गेले, तशी त्याची पाठ वाकली.

"गाडीत असेच बसता?" मी विचारलं.

"व्हय. बारा वरसं गाडीच्या सीटनं वाकवलंय. पाठीत लई कळ हाय."

"मग मघाशी?"

"सायबाला कळलं तर गाडी काढून घेतील. कळ हाय ते तुमी लिवू नका."

मी ताठ बसल्याचे आकडे खोडले. तो वाकूनच बसला आणि मी पुन्हा टेप लावली. कार्डावर दुखण्याचा रकाना नव्हता, याचं त्या दिवशी मला बरं वाटलं.