दोन मतांचा करार

पार्टी फुटली आणि आमच्या गावाचेही दोन गट झाले. एकाच झेंड्याखाली जन्म काढलेले आम्ही दोघं. मी जुन्या गटात राह्यलो, माझा दोस्त नव्या गटात गेला. बायको वारली, पोरं पुण्याला गेली, तेव्हापासून माझ्याशी बोलणारा तो एकटाच. रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर यायचा, दोघांपुरती तंबाखू मळायचा. प्रचार सुरू झाला तशी आमची भांडणं लागली. मधी तर तो यायचाच बंद झाला. लई भ्या वाटलं मला.

मग जिल्हा परिषदेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी मीच त्याच्या घरी जाऊन तोड काढली. "गड्या, तुझं मत माझं मत खातंय. मग शाळेपर्यंत तंगडतोड कशाला? तूबी जाऊ नको, म्याबी जात न्हाई."

तो हसला. "व्हय की! ठरलं."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बूथ ओस. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, उरलेल्यांना दोन्ही गटांचा वीट आलेला. आमच्या गटाचा पुढारी जीप घेऊन दारात आला.

"काका, लोकांत उत्साहच न्हाई. ज्याची माणसं बाहेर पडतील त्योच निवडून येतोय. तुम्ही तरी चला की!"

"गुडघे दुखतेत," म्हणलं. गुडघ्यांना काय धाड भरलीय! जीप गेली. जन्मात पहिल्यांदाच माझं बोट कोरं राह्यलं. जिवाला लागलं, खोटं कशाला बोलू? पण शब्द दिला होता.

दिवस कलला तसा तो आला. बसला, हवापाण्याचं बोलला. डावा हात मात्र सदऱ्याच्या खिशातून काढीना. तंबाखू मळायचं नावच न्हाई. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. डाव्या तळव्यावर तंबाखू घेतली असती तर बोटावरची शाई दिसली असती.

डोक्यात सणक गेली. वाटलं, हात ओढून काढावा आणि विचारावं, लाज वाटती का रं? शिव्या पार जिभेवर आल्या. तेवढ्यात मागं वळून बघितलं. घरात अंधार झाला होता, दिवा लावायलासुद्धा कुणी नव्हतं.

"आण ती चंची इकडं," मी म्हणलं. "आज म्या मळतो."

त्यानं उजव्या हातानं चंची दिली. मी तंबाखू सावकाश मळली, चिमूट पुढं केली. तीही त्यानं उजव्याच हातानं घेतली, माझ्याकडं न बघता.

"उद्या येशील न्हवं?" मी विचारलं.