नानांच्या पाठीवर ठेवलेले हात

फोन आला तेव्हा दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले एक गृहस्थ जळगावच्या माझ्या दवाखान्यात टेबलावर पालथे झोपले होते. त्यांच्या कमरेला करंटचं मशीन लावलेलं होतं आणि पाच मिनिटं उरली होती. फोनवर धुळ्याहून काकू, नानांच्या पत्नी होत्या. "मेघा, नाना गेले गं, सकाळी," एवढंच म्हणाल्या. मशीनची शिट्टी वाजली. मी पॅड काढले. त्या गृहस्थांना आधी कुशीवर वळायला सांगितलं, मग पाय खाली सोडून हातावर जोर देऊन उठायला सांगितलं. चालवून पाहिलं, घरी करायचे व्यायाम पुन्हा एकदा करून घेतले. ते गेल्यावर दार लोटलं आणि जाणवलं, की तेवढ्या वेळात माझ्या तोंडून निघालेलं एकेक वाक्य नानांचं होतं. माणूस जाऊन दोन-तीन तास झाले होते आणि मी त्यांच्याच शब्दांत एका पेशंटला कमरेवर ताण न देता उठायला शिकवत होते…

नाना म्हणजे धुळ्यातले जुने फिजिओथेरपिस्ट. पदवीच्या शेवटच्या वर्षी मी त्यांच्या हाताखाली उमेदवारीला गेले तेव्हा त्यांना 'सर' म्हणायचे. आठवड्याभरात ते म्हणाले, इथे सगळे नानाच म्हणतात, तू वेगळी कशाला. त्यांच्याकडे येणारे लोकही तसेच साधे होते. दिवसभर गादीवर मांडी घालून बसल्याने गुडघे आखडलेले मारवाडी दुकानदार, मार्केट यार्डातले खांदे गेलेले हमाल, कापूस वेचून कंबर सरळ न होणाऱ्या बाया. एक्स-रे पिशवीतून बाहेर काढायच्या आत नाना माणसाला चालायला लावत. तो खुर्चीत कसा बसतो, चप्पल कोणत्या पायातली आधी काढतो, सदरा घालताना कोणता हात मागे राहतो, हे बघत. मग प्रश्न. आणि त्यातला एक प्रश्न ते कधीच चुकवत नसत, "रातले दुखस का? झोपमाईन जाग येस का?"

या प्रश्नाचं महत्त्व मला उशिरा कळलं. जळगावला स्वतःचा दवाखाना सुरू केला त्या पहिल्याच वर्षी फैजपूरकडच्या एक अक्का माझ्याकडे आल्या. घरची केळीची बाग, खांदा महिनाभर दुखत होता. मी फ्रोजन शोल्डर समजून दोन आठवडे शेक दिला, हात वर न्यायचे व्यायाम करून घेतले. काही फरक पडेना. नानांजवळ फोनवर सहज विषय काढला, तर त्यांनी विचारलं, रात्रीचं काय? मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर अक्का म्हणाल्या की रात्र रात्र बसून काढते. नानांनी त्याच दिवशी छातीचा फोटो काढायला लावला. दुखणं खांद्याचं नव्हतंच, फुप्फुसाच्या टोकाला गाठ होती. वेळेवर कळली म्हणून अक्का वाचल्या, आजही बागेत चक्कर मारतात. नाना मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की सांध्याचं आणि स्नायूचं दुखणं हलवलं की वाढतं, विसावा दिला की बसतं. जे कशानेच बसत नाही आणि रात्री उठवतं, त्याला हात लावायचा नाही, डॉक्टरकडे पाठवायचं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पेशंटच्या कार्डावर वरच एक ओळ असते. 'रात्रीचं दुखणं' आणि पुढे हो किंवा नाही.

पारोळ्याचं काम त्यानंतर सुरू झालं. पारोळा धुळे आणि जळगावच्या मध्ये पडतं. आजूबाजूच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना दोन्हीकडचा प्रवास झेपत नाही, म्हणून नानांनी ठरवलं की दर रविवारी आपणच तिथे जायचं. बियाण्यांचे व्यापारी पारसभाऊ यांना नानांनी कंबरदुखीतून उभं केलं होतं. त्यांनी दुकानामागची खोली मोकळी करून दिली. तिथे दोन लाकडी पलंग होते, चार रबरी शेकपिशव्या होत्या, आणि सरकीचा वास होता. नाना धुळ्याच्या बसने येत, मी जळगावच्या. मशीन नव्हतं, त्यामुळे सगळं काम हातांचं. पेशंट संपले की पारसभाऊ चहा पाठवत आणि मग आम्ही आपापली बस धरत असू. बारा वर्षांत फार थोडे रविवार चुकले.

या वर्षी आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी पेशंट गेल्यावर नाना पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, जरा माझी पाठ बघतेस का? बुधवारी एका जाड्या माणसाला उचलताना लचक भरली असं म्हणाले. मला हसू आलं, कारण असं उचलू नका म्हणून त्यांनीच आम्हाला शेकडो वेळा बजावलं होतं. ते पालथे झोपले. इतक्या वर्षांत त्यांच्या पाठीला मी पहिल्यांदाच हात लावत होते. रीतीप्रमाणे मी सगळे प्रश्न विचारले. मुंग्या येतात का, पाय जड होतो का, वजन कमी झालंय का. वजनावर म्हणाले, उन्हाळा आहे, जेवण जात नाही. मग मी तो प्रश्न विचारला.

"रात्री दुखतं का, नाना? जाग येते?"

"नाही," ते म्हणाले. तोंड उशीत होतं, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

मी त्यांचं कार्ड केलं. गंमत म्हणून केलं खरं तर, नानांचं कार्ड! त्यावर माझ्या अक्षरात लिहिलं, 'रात्रीचं दुखणं: नाही.'

त्यानंतर दर रविवारी वीस मिनिटं हे चालू राहिलं. शेक द्यायचा, कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू मोकळे करायचे. मी मणक्यांवर अंगठ्याने दाब द्यायला लागले की ते लगेच म्हणत, जोर नको लावू, नुसता हात ठेव. मला वाटायचं, वय झालं, हळवे झालेत. पण एक गोष्ट मला पहिल्या दोन-तीन रविवारांतच जाणवली होती. पाठीच्या मधोमध एका मणक्यावर बोट टेकलं की त्यांचा श्वास थांबायचा. आजूबाजूचे स्नायू मऊ होते. लचक भरलेल्या पाठीचे स्नायू असे नसतात, ते दोरासारखे ताठ होतात. हे मला कळत होतं. म्हणजे माझ्या अंगठ्यांना कळत होतं, आणि मी ते वर येऊ देत नव्हते. एकदा एमआरआयचं नाव काढलं. ते हसून म्हणाले, आता तू मला शिकवणार का? मी शेकपिशवी पुन्हा पाठीवर ठेवली. एखाद्या पेशंटने असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला पलंगावरून उठवलं असतं. नानांना उठवलं नाही… या एका गोष्टीशी मी अजून येऊन थांबते.

पोळ्याच्या सुमाराला ते खोलीत आले ते डावी चप्पल फरशीवर घासत आले. माझी पाठ त्यांच्याकडे असती तरी मला तो आवाज ओळखू आला असता. पाऊल उचलत नव्हतं. त्या दिवशी मात्र मी हात लावायला नकार दिला. आधी तपासणी, मग पाठ, असं सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि पारसभाऊंचा चहासुद्धा न घेता निघाले. ती त्यांची पारोळ्यातली शेवटची खेप. पुढे फोनवर सांगत की तपासणी झाली, वयाची झीज आहे, थोडा आराम करतोय. मी त्यावर विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर ठेवायचा असं ठरवलं.

नवरात्रात काकूंनी बोलावलं म्हणून धुळ्याला गेले आणि दारातूनच कळलं. सदऱ्यात माणूस उरला नव्हता. काकू आत गेल्यावर नानांनी पांघरूण बाजूला केलं आणि डावा पाय माझ्यापुढे केला. पूर्वी माझी परीक्षा घ्यायचे तशाच आवाजात म्हणाले, ताकद तपास, ग्रेड सांग. स्नायूच्या ताकदीला आम्ही शून्य ते पाच आकडे देतो. पाच म्हणजे पूर्ण ताकद. दोन म्हणजे पाऊल उचलता येत नाही, आडवं मात्र सरकतं. एक म्हणजे काहीच हलत नाही, फक्त बोट ठेवलं तर आत स्नायू थरथरल्यासारखा लागतो. मी नडगीवर बोटं ठेवली. त्यांनी पाऊल वर ओढायचा प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. बोटांखाली काहीतरी पुसट हललं.

"दोन," मी म्हणाले.

"एक," नाना म्हणाले. "खोटं लिहू नकोस, मेघा. पुढच्याला त्यावर काम करायचं असतं."

मी मान हलवली. मला खूप विचारायचं होतं. त्याऐवजी पांघरूण पुन्हा त्यांच्या पायावर घातलं. निघताना त्यांनी पारोळ्याच्या पेशंटांची चौकशी केली, एकेकाचं नाव घेऊन. दिवाळीच्या आठ दिवस आधी ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर काकूंनी मला आतल्या खोलीत नेलं आणि एक फाइल हातात दिली. वर एमआरआयचा रिपोर्ट होता. आजार हाडांत पसरल्याचं त्यात स्वच्छ लिहिलं होतं, पाठीच्या त्याच मणक्याचा उल्लेख होता. तारीख होळीच्या आधीची होती. आखाजी त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी आली. म्हणजे ते पहिल्यांदा माझ्यापुढे पालथे झोपले तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. जाडा माणूस नव्हता, बुधवार नव्हता. आणि रात्री? काकू म्हणाल्या की होळीपासून ते बसूनच झोपायचे, भिंतीला उशी लावून.

मी काकूंना विचारलं, मग मला का फसवलं? आवाज चढला असावा, कारण त्यांनी माझा हात धरला.

"मीही विचारलं त्यांना," त्या म्हणाल्या. "म्हणाले, तिला कळलं तर ती मला हात लावणार नाही. बाकी सगळे सुया टोचतात, फोटो काढतात. तिचा हात असतो तेवढी वीस मिनिटं बरं वाटतं."

ते बरोबर होते. कळलं असतं तर मी हात लावला नसता. त्यांनीच तसं शिकवलं होतं. असा पोखरलेला मणका दाबला तर तिथल्या तिथे मोडू शकतो. मी कोणत्याही रविवारी नानांना कायमचं लुळं करू शकले असते. 'जोर नको लावू' याचा अर्थ मला तिथे, काकूंच्या पलंगावर बसल्यावर लागला. ते स्वतःची पाठ सांभाळत होते आणि मलाही. धुळ्याच्या डॉक्टरांना मी भेटून आले. ते म्हणाले, आखाजीला तुम्ही ओळखलं असतं तरी आजारात फरक पडला नसता. हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. पण माझा प्रश्न आजाराचा नाहीच. अंगठ्याला कळलेलं मी कार्डावर का लिहिलं नाही, हा आहे. मी फसले, की मलाही त्या वीस मिनिटांत काही बिघडायला नको होतं? ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. 'नाही' हा शब्द खोडून 'हो' लिहावं असं दोनदा मनात आलं. खोडला नाही. आता कोणतीही पाठ समोर आली की बोटं आपोआप त्या मणक्यापाशी जातात, आणि समोरच्या माणसाचा श्वास थांबतो का याची मी वाट बघते. मधूनच दारात चप्पल घासल्याचा आवाज येतो. बघते तर गुडघ्याचा कोणी पेशंट असतो.

पारोळ्याला मी काही रविवार गेलेच नाही. दिवाळी झाल्यावर पारसभाऊंचा फोन आला, की लोक येऊन बसतात आणि परत जातात. मग गेले. खोलीत पाच-सहा जण होते. एका आजींनी विचारलं, "नाना उनात नही का?" नाना आले नाहीत का, या प्रश्नावर पारसभाऊंनीच त्यांना हळूच बाहेर नेऊन सांगितलं. मी कामाला लागले. बहादरपूरकडचे एक म्हातारबाबा पलंगावर पाय लांब करून बसले होते. मी त्यांच्या गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवला आणि त्याखाली हात घातला. गुडघा खाली दाबून मांडीचा स्नायू ताठ करायचा, दहापर्यंत मोजायचं आणि सोडायचा, एवढाच व्यायाम. बाबा स्वतःच मोजू लागले. सात, आठ, नऊ… मग पुन्हा नऊ… पुन्हा नऊ… शेजारच्या पलंगावरच्या बाईही नऊवरच थांबल्या होत्या. मी बाबांना विचारलं, असं का?

"नाना नऊवर थांबाडेत," बाबा म्हणाले. "दहा म्हना की लोके पाय सोडी देतस. म्हनीसन दहा त्याच म्हनेत, त्यासना मनवर."

नानांचे पेशंट दहा स्वतः म्हणत नाहीत, नाना मनाला येईल तेव्हा म्हणतील तोवर पाय सोडत नाहीत, हे मला माहीतच नव्हतं. बारा वर्षं मी त्याच खोलीत दुसऱ्या पलंगाशी असायचे आणि माझे पेशंट सरळ दहापर्यंत मोजायचे. बाबा पुन्हा मोजू लागले, बाईंनीही सूर लावला, आणि दोघं नऊवर येऊन थांबले. नऊ… नऊ… दोघांचेही डोळे दाराकडे नव्हते, माझ्याकडे नव्हते, आपापल्या गुडघ्याकडे होते. खोलीत कोणीच दहा म्हणेना. माझ्या हातावर बाबांचा गुडघा दाबलेला होता, ताकद चांगली होती. मी थांबले. बाबांची मांडी थरथरायला लागली, तेव्हा मी दहा म्हणाले.