जिन्यात वळेल अशी बंदूक

आमच्या घरी चोरी झाली तेव्हा आम्ही मंडळाच्या गणपतीला गेलो होतो. इंग्लंडमधल्या या कॉव्हेंट्रीतली बहुतेक मराठी माणसं त्या हॉलमध्ये होती. "म्हणजे आपलं घर रिकामं आहे हे त्या सगळ्यांना माहीत होतं," असं माझा नवरा त्याच रात्री म्हणाला, आणि तिथून सगळं सुरू झालं.

चोराने मागचं दार उचकटलं होतं. लॅपटॉप, टीव्ही, कशालाही हात लावला नव्हता. तो सरळ किचनमध्ये गेला होता आणि त्याने डाळ-तांदळाचे डबे जमिनीवर उपडे केले होते. तांदळाच्या डब्यात माझ्या आईच्या पाटल्या आणि तन्मणी होता. आलेला पोलीस म्हणाला की आशियाई घरांत हे नेहमीचंच आहे, चोरांना या जागा पाठ असतात. नवऱ्याला ते पटलं नाही. "कुणीतरी सांगितल्याशिवाय तांदळापर्यंत कोण जातं?"

तांदळाच्या डब्याचं मी एकाच मैत्रिणीला सांगितलं होतं. ती त्या दिवशी ताप आला म्हणून मंडळात आली नव्हती. मी तिच्यावर संशय घेतला नाही असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तिचा फोन आला की मी तिच्या आवाजात काहीतरी शोधायचे. ती "काही मिळालं का गं?" असं विचारायची आणि मला वाटायचं, ही हे का विचारतेय? हळूहळू तिने फोन करणं बंद केलं. मग मला वाटू लागलं, बंद का केलं?

नवरा घरूनच काम करायचा. त्याने पुढच्या आणि मागच्या दारावर कॅमेरे लावले आणि मीटिंगमध्येही एक डोळा त्यांच्यावर ठेवू लागला. पार्सलवाला बेल वाजवून जरा जास्त वेळ थांबला की हा खिडकीशी जायचा. शेजारचे आजोबा कुंपणावरून वाकून गुलाब छाटत असले तरी, "आपल्याकडे बघत होते," असं मला सांगायचा. आणि मग एका शनिवारी सकाळी म्हणाला, "चल, एका दुकानात जायचंय."

दुकान गावाबाहेर होतं, शेताच्या कडेला. आत तेलाचा आणि ओल्या कोटांचा वास. भिंतीवर छर्‍यांच्या दुनळी बंदुका ओळीने, साखळीत अडकवलेल्या. काहींच्या नळ्या शेजारीशेजारी होत्या, काहींच्या एकावर एक. काउंटरमागे साठीचा एक माणूस होता, अगदी हसतमुख. नवऱ्याने सांगितलं की ऑफिसातल्या लोकांबरोबर तो हवेत फेकलेल्या मातीच्या चकत्या बंदुकीने उडवायला जातो. तो तसा दोनदा गेला होता, हे खरं होतं. दुकानदार खूश झाला. त्याने एकावर एक नळ्यांची बंदूक काढली, ती रिकामी आहे हे आधी आम्हाला दाखवलं, मग नवऱ्याच्या खांद्याला लावून दस्ता किती लांब हवा ते बघू लागला.

"ही लांब वाटते," नवरा म्हणाला. "जरा आखूड नाही का?"

"चकत्यांसाठी लांब नळीच बरी. हात स्थिर राहतो."

"पण वळवायला? म्हणजे अरुंद जागेत. जिन्यात वगैरे."

दुकानदाराचं हसू गेलं. त्याने बंदूक नवऱ्याच्या हातातून अगदी सावकाश काढून घेतली आणि साखळीत परत अडकवली.

"जिन्यात चकत्या उडत नाहीत, सर."

"आमच्याकडे चोरी झालीय," नवरा म्हणाला.

"वाईट झालं. पण घर राखायला म्हणून या देशात बंदूक मिळत नाही. ती लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवायची असते. चोर आला की तुम्ही त्याला काय सांगणार, किल्ली शोधतो, तोवर थांब?" मग तो माझ्याकडे वळला. "आणि किल्ली कुठे आहे हे तुम्हाला माहीत असता कामा नये, मॅडम. परवाना ज्याचा, किल्ली त्याचीच."

तो आता आमच्या दोघांकडेही निराळ्या नजरेने बघत होता. ती नजर मी ओळखली. पार्सलवाल्याकडे आम्ही त्याच नजरेने बघत होतो.

गाडीत नवरा म्हणाला, "तो आपल्याला ओळखून ठेवणार. दुसऱ्या दुकानात जाऊ." त्याने परवान्यासाठी अर्ज केला, कारण म्हणून चकत्यांचा खेळ दिला, आणि मंजुरीची वाटही न बघता जिन्याखालच्या कोनाड्यात पोलादी कपाट भिंतीला ठोकून घेतलं. कपाट रिकामं होतं, तरी त्याची किल्ली त्याने लपवली. एकदा कोट शोधताना मी त्याच्या ड्रॉवरला हात लावला तर मागून आवाज आला, "काय बघतेस?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला त्याने असं कधी विचारलं नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी डोकं दुखत होतं म्हणून मी हॉस्पिटलच्या फार्मसीतल्या कामावरून लवकर निघाले. पुढच्या दाराला आतून साखळी होती, म्हणून बाजूच्या फाटकातून मागे गेले आणि किचनचं दार उघडलं. बॅट माझ्या कानाशेजारून गेली आणि चौकटीवर आदळली. लाकडाची ढलपी उडाली. दारामागे तो उभा होता, पांढराफटक. हातात आमची क्रिकेटची बॅट.

"मेसेज करायला काय झालं होतं तुला?" तो ओरडला.

मी खाली बसले. तो पाणी घेऊन आला, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला, पण सॉरी म्हणाला नाही. मी त्याच्याकडे बघत होते आणि माझ्या मनात एकच विचार होता, की बॅटच्या जागी बंदूक असती तर.

परवान्यांचं काम बघणारी अधिकारी घरी आली ती पावसाळी दुपारी. मध्यमवयीन, मऊ बोलणारी बाई. तिने कपाट हलवून बघितलं, नवऱ्याला बरंच काही विचारलं, त्याने सगळ्याची पाठ केल्यासारखी उत्तरं दिली. मग ती म्हणाली की तिला माझ्याशी एकटीशी बोलायचंय. नवरा बागेत गेला. काचेपलीकडून तो माझ्या ओठांकडे बघत होता.

"घरात बंदूक आली तर तुम्हाला चालेल का?"

"त्याला आत येऊ द्या," मी म्हटलं. "मला त्याच्यासमोर सांगायचंय."

तो आत आला, भिजलेला. मी बॅटचं सांगितलं. जिन्याचंही सांगितलं. मराठीत न बोलता इंग्लिशमध्ये बोलत होते, म्हणून की काय, आवाज कापला नाही. अधिकारी काही लिहीत नव्हती, नुसती ऐकत होती. नवरा माझ्याकडे बघत राहिला, चोर सापडल्यासारखा.

ती गेल्यावर तो ओल्या कपड्यांतच खुर्चीत बसला. मग म्हणाला, "तू त्यांच्या बाजूची झालीस."

"कुणाच्या?"

त्याने ओला चेहरा तळव्यांनी पुसला. मग म्हणाला, "मला झोप लागत नाही गं. कोण होता ते कळलं असतं तरी चाललं असतं."

"मलाही लागत नाही. पण त्या दिवसापासून मी चोराला नाही घाबरत. तुला घाबरते."

दुसऱ्या दिवशी त्याने फोन करून अर्ज मागे घेतला. तो मागे घेतला नसता तरी नाकारला गेलाच असता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. चोर सापडला नाही. नवऱ्याने डॉक्टरांकडे जाऊन झोपेचं सांगितलं, तेही मी तीनचारदा म्हटल्यावर. आता तो बराच सुधारलाय. महिन्यातून एखाद्या रविवारी क्लबवर जाऊन तिथल्याच भाड्याच्या बंदुकीने चकत्या उडवून येतो, आणि त्या त्याला चांगल्या जमतात म्हणे.

मी मात्र घरी निघताना रोज मेसेज करते. गाडी लावली की पुन्हा एक करते. तो लगेच 'ओके' पाठवतो. ते दिसेपर्यंत मी गाडीतून उतरत नाही.