आजीचा एकच फोटो

सुरुवातीलाच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. भिवंडीत तीस वर्षं मी लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त केले – आमच्याकडे हे काम करणाऱ्याला जॉबर म्हणतात. लूम बंद पडला की कामगार नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधायचे, आणि मी ती बाजूला सारून ढिला झालेला नट आवळायचो. बिघाड आहे म्हणजे कारण आहे, एवढाच माझा धर्म. तरीही हे लिहितोय... आता लिहिलं नाही तर राहूनच जाईल.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदची. शुक्रवारी लूम बंद असायचे. आठवडाभराच्या खडखडाटानं डोकं भणभणलेलं असायचं, म्हणून मी सकाळची एस.टी. पकडून गणेशपुरीला उतरायचो आणि मागच्या डोंगरावर पळत चढायचो, पळत उतरायचो. तेव्हा डोंगरात पळणारा माणूस म्हणजे एक तर चोर, नाहीतर वेडा. बायकोचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. ती म्हणायची, "नुसतं डोंगर डोंगर करता, एकदा दाखवा तरी आम्हाला!" म्हणून कॅमेरा घ्यायचं ठरवलं.

धामणकर नाक्यावर हमीदचाचांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी दोन जुने कॅमेरे पुढे ठेवले. एक लोखंडी धूड, पण फोटो असा की पापणीचे केस मोजून घ्यावेत. दुसरा प्लॅस्टिकचा, खिशात मावणारा, फोटो जेमतेम. मी बराच वेळ हा उचल, तो ठेव करत बसलो. चाचा वैतागले.

"कॅमेरा पसंद करतोयस की सून? दोनो ले जा. एकेक जुम्मा खाली लेके दौड. छातीवर कुठला आपटत नाही ते बघ, मग बोल."

खाली म्हणजे रोल न घालता.

पहिल्या शुक्रवारी धूड नेलं. कापडाच्या पट्टीनं छातीशी आवळून बांधलं, तरी प्रत्येक उडीला बरगडीत ठोसा. उतरताना पायथ्याच्या एका घराच्या पायरीवर एक म्हातारी वाल निवडत बसली होती.

"कोन लागलाय रं मागं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही, आजी."

"मंग पलतोस कशाला?"

मी पाणी मागितलं. तांब्या देताना तिची नजर कॅमेऱ्यावर गेली.

"माजा येक फोटू काढ ना, बाला. घरवाला गेला, त्याचा फोटू न्हवता. आता डोले मिटले तरी त्याचं तोंड दिसत न्हाय मला. माज्या पोरीचं तसं नको व्हायला."

तेव्हाच सांगायला हवं होतं की यात रोल नाही. पण तोवर तिनं हात धुतले होते, पदर सारखा केला होता... माझी जीभच रेटेना. शिवाय चाचांची एक युक्ती ऐकलेली – लग्नात रोल संपला तरी फ्लॅश उडवत राहायचं, वऱ्हाडी खूश! मी कॅमेरा डोळ्याला लावला. तिनं तोंडावर हात धरला.

"हात काढा की, आजी."

"तोंडात दात न्हाय येक. काय दाखवू?"

मी मनात म्हटलं, राहू दे, नाहीतरी कुठे उमटणार आहे. कळ दाबली. "झालं, आजी. पुढच्या खेपेला आणून देतो."

ती किती खूश झाली म्हणून सांगू! ओंजळभर वाल फडक्यात बांधून दिले मला. ते वाल मी घरी खाल्लेही, निर्लज्जासारखे.

दुसऱ्या शुक्रवारी प्लॅस्टिकचा कॅमेरा घेऊन दुसऱ्या वाटेनं पळालो. खिशात आहे हेसुद्धा विसरायला झालं, म्हणून तोच घेतला आणि धूड परत केलं. मनात होतं, यात रोल घालून आजीचा खराखुरा फोटो काढू. पण या शुक्रवारी नको, पुढच्या... असं करता करता पावसाळा आला. मग तिला तोंड दाखवायची लाज वाटू लागली. मी पळायची जागाच बदलली, पडघ्याच्या बाजूला जायला लागलो.

दिवाळीनंतर पडघ्याच्या बाजारात चहा पीत उभा होतो. हाफ पँटमधला घामाघूम माणूस ओळखायला कितीसा वेळ लागतो? एक बाई समोर येऊन उभी राहिली.

"तुमीच ना ते पलनारे, कॅमेरावाले? मी हितंच दिलेली. माजी आई गनेशपुरीची, भादव्यात गेली. मरेस्तवर सांगत व्हती, माजा फोटू त्या पलनाऱ्याकडं हाय. कवा देता?"

"आणतो," मी म्हणालो. दुसऱ्यांदा खोटं.

तडक चाचांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसतील. ते एवढंच म्हणाले, "लग्नात शंभर फोटो असतात रे, इसलिये एक खाली चल जाता है. उसका तो एकही था."

मला मान वर करवेना. काहीतरी करायचं म्हणून खिशातल्या कॅमेऱ्यातला रोल त्यांच्याकडे धुवायला दिला. हा रोल दिवाळीत आणलेला, डबी फोडून माझ्या हातानं घातलेला.

दुसऱ्या दिवशी चाचांचा निरोप आला. न कापलेली निगेटिव्ह त्यांनी उजेडासमोर धरली. बायको, हातात फराळाचं ताट. मग पायरीवर बसलेली आजी. मग पुन्हा बायको, तेच ताट, फक्त डोळे मिटलेले.

"हीच ना?" चाचांनी विचारलं. मी मान हलवली.

मध्ये कुठेही जोड नव्हता. मी नखानं तपासलं, भिंगानं तपासलं. आणि फोटो इतका स्वच्छ की पापणीचे केस मोजून घ्यावेत. ते धूड तर चाचांनी गणपतीतच विकलं होतं! चाचांनी त्या निगेटिव्हवरून मोठा फोटो छापला, फ्रेममध्ये बसवला, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. "ले जा. आजच."

लेकीचं घर विचारत विचारत गेलो. तिनं पदरानं काच पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. मग रडता रडता हसायला लागली.

"तोंडावरचा हात कसा काय काढला हो तिनं? आमच्यासमोर पन कदी काढत न्हवती. काय सांगितलंत तिला?"

तोवर मी नुसता जोडच शोधत होतो; तेव्हा कुठे मी फोटो नीट पाहिला. हात मांडीवर होता. आजी बोळकं उघडून हसत होती, थेट माझ्याकडे बघत.

मी कळ दाबली तेव्हा हात तोंडावर होता. हे मी कुणाचीही शपथ घेऊन सांगतो.

कारण मी पुष्कळ शोधलं. रोलमध्ये शोधलं, कॅमेरा उघडून शोधलं, अगदी स्वतःच्या डोक्यातही शोधलं. सापडलं नाही, आणि आता या वयात सापडेल असं वाटतही नाही. भीती मला तेव्हाही वाटली नव्हती. झोंबते ती एकच गोष्ट – ज्यानं फसवलं, त्याच्याचकडे बघून ती आयुष्यात पहिल्यांदा इतकी मोकळी हसली.